रुग्णाची जनुके आणि संशोधकाची शिस्त



वसंत व्याख्यानमालेत साहित्य, इतिहास, फार तर अध्यात्म, असे विषय असावेत अशी आपली सर्वांची समजूत आहे. उन्हाळ्याच्या संध्याकाळी, खाडीवरचा वारा सुटला म्हणजे ते ऐकायला बरेही वाटतात. माझा विषय पत्रकावर छापताना चिटणिसांना तो जरा रुक्षच वाटला असावा. आत्ता येताना फाटकापाशी एका गृहस्थांनी मला विचारले, "हे डॉक्टरांसाठी आहे, की आमच्यासाठी?" मी म्हटले, "ज्याने कधी तपासणीसाठी रक्त दिले आहे, त्याच्यासाठी." ते आत येऊन बसले आहेत, याचा मला आनंद वाटतो.

आरंभीच सांगून टाकतो की मी डॉक्टर नाही आणि शास्त्रज्ञही नाही. मी गणिताचा मास्तर. तोही आता निवृत्त. पण ज्या रुग्णालयांत माणसांवर संशोधन चालते तेथे एक नैतिकता समिती असावी लागते, आणि त्या समितीत डॉक्टर, वकील, समाजशास्त्रज्ञ यांच्या जोडीला निदान एक तरी सामान्य माणूस असावा, असा भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचा दंडक आहे. परिषदेची २०१७ सालची मार्गदर्शक तत्त्वे पाहिलीत तर समितीत ७ ते १५ सभासद असावेत, अध्यक्ष बाहेरचा असावा, असे सगळे त्यात सापडेल. त्या सामान्य माणसाच्या खुर्चीवर गेली काही वर्षे मी बसतो आहे. मी तेथे का जाऊन बसलो त्याला कारण आहे, ते पुढे येईल.

आधी एक कोडे घालतो. एका माणसाची माहिती तुम्हाला देतो, फक्त नाव सांगत नाही. वय ५२. डोंबिवलीला सकाळची सव्वाआठच्या सुमाराची गाडी पकडतो, नेहमी मधल्या पुलाखाली उभा राहतो, चौथ्या सीटवर बसतो, डाव्या कानात ऐकण्याचे यंत्र आहे, ठाणे गेल्यावर वर्तमानपत्र उघडतो आणि दादरला उतरतो. या सभेत बसलेल्या तुम्हांला तो ओळखता यायचा नाही. पण त्याच डब्यात रोज उभा राहणारा कोणी येथे असेल, तर त्याने माझे वाक्य पुरे व्हायच्या आतच तो ओळखला असेल. मी नाव पुसले होते, पण माणूस पुसला गेला नव्हता.

हे केवळ मास्तराचे कोडे नव्हे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने १९९० नंतरच्या दशकात आपल्या नोकरवर्गाची रुग्णालयातील माहिती, नावे काढून, संशोधकांना दिली. राज्याचे गव्हर्नर विल्यम वेल्ड यांनी लोकांना हवाला दिला की यातून कोणाचेही गुपित फुटणार नाही. लतान्या स्वीनी नावाच्या एका विद्यार्थिनीने वीस डॉलर मोजून केंब्रिज गावाची मतदारयादी विकत घेतली. जन्मतारीख, स्त्री की पुरुष, आणि टपालाचा विभाग, एवढ्या तीनच गोष्टी तिने दोन्ही याद्यांत ताडून पाहिल्या, आणि खुद्द गव्हर्नरसाहेबांचे दुखणे शोधून काढून त्यांच्याच कचेरीत धाडून दिले. गव्हर्नरांना काय वाटले असेल ते आपण समजू शकतो.

आता ही झाली वय आणि पत्ता यांची गोष्ट. जनुकांची गोष्ट याच्या कितीतरी पुढची आहे. माणसाच्या प्रत्येक पेशीत सुमारे ३०० कोटी अक्षरांची एक पोथी आईकडून आणि तशीच एक वडिलांकडून आलेली असते. हिलाच जनुकसंच किंवा जीनोम म्हणतात. तुमची पोथी आणि माझी पोथी यांत हजारात सुमारे एका अक्षराचा फरक. फरक थोडा वाटतो, पण ३०० कोटींच्या हिशेबात तो लाखांनी मोजावा लागतो. आणि जगातल्या सगळ्या माणसांतून एक माणूस वेगळा काढायला ही सगळी अक्षरे लागतच नाहीत. नीट निवडलेली शंभराच्या आतली अक्षरे पुरतात. म्हणजे ज्या कागदावरून नाव पुसायचे, त्या कागदाचा मजकूर हेच नाव आहे.

शिवाय ही पोथी माझ्या एकट्याची नाही. तिच्यातली निम्मी अक्षरे माझ्या मुलाकडे आहेत, निम्म्याच्या आसपास माझ्या सख्ख्या भावाबहिणींकडे आहेत. बँकेतला खाते क्रमांक फुटला तर तो बदलता येतो. जनुकसंच फुटला तर तो बदलता येत नाही, आणि फुटतो तो माझ्या एकट्याचा नव्हे तर सगळ्या घराण्याचा. जानेवारी २०१३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात यानिव्ह एर्लिख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच करून दाखवले. बापाकडून मुलाकडे जसे आडनाव जाते, तसेच वाय हे गुणसूत्रही जाते. वंशावळी जुळवण्याचा छंद असलेल्या लोकांनी आपली वाय गुणसूत्रे आडनावांसह उघड ठेवली होती. त्यांच्याशी संशोधनासाठी खुल्या ठेवलेल्या निनावी जनुकसंचांची गाठ घालून, आणि वय व राज्य यांची जोड देऊन, त्यांनी सुमारे ५० माणसांची ओळख पटवली. त्या ५० जणांपैकी बहुतेकांनी स्वतः कोठेही नाव दिले नव्हते. चुलत्याने किंवा चुलत भावाने दिले होते.

मग कोणी म्हणेल, एवढे जर आहे तर हे सगळे कुलपात घालून किल्ली खाडीत फेकून द्या! मला हे म्हणणे मान्य नाही, आणि का नाही हे सांगायला फार लांब जावे लागत नाही. आपल्या ठाणे-कल्याणच्या पट्ट्यातून कर्करोगाचा रोगी निघाला की तो बहुधा परळच्या टाटा रुग्णालयाचा रस्ता धरतो. तंबाखूची गोळी गालात धरून ठेवणाऱ्यांना गाल आणि हिरडी यांच्या सांध्यात जो कर्करोग होतो, तो पाश्चात्त्य देशांत थोडा आणि आपल्याकडे उदंड. तेव्हा त्याचा अभ्यास आपणच करावयाचा. आंतरराष्ट्रीय कर्करोग जीनोम संघ स्थापन झाला तेव्हा भारताने हाच कर्करोग आपल्याकडे घेतला. खारघरच्या टाटा स्मारक केंद्राचे ॲक्ट्रेक आणि बंगालमधील कल्याणीची राष्ट्रीय जैववैद्यकीय जीनोम संस्था यांनी मिळून हे काम केले. (कल्याणी, आपले कल्याण नव्हे. समितीत एकदा माझा हा घोटाळा झाला होता आणि मी उगाचच अभिमानाने ताठ बसलो होतो.) २०१३ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. आधी ५० रुग्णांच्या गाठींची जनुके वाचली, मग आणखी ६० जणांत पडताळा पाहिला, आणि या रोगात पुन्हा पुन्हा बिघडणारी जनुके कोणती ते निघाले. पार्थ मजुमदार आणि राजीव सरीन यांच्यासारख्या मंडळींचे हे काम जगात कोठेही वाचले जाते. ते ज्यांच्या गाठींवर झाले त्यांच्यापैकी कोणी डोंबिवलीचा असेल, कोणी बिहारचा असेल. आपल्याला ठाऊक नाही, आणि ठाऊक नसावे हेच योग्य.

या कामाची मांडणी मात्र लक्षात घेण्यासारखी आहे. प्रत्येक रुग्णाच्या दोन वस्तू वाचल्या जातात : एक गाठीचा तुकडा आणि एक निरोगी रक्त. गाठीत जे बिघाड पुढे आयुष्यात झाले ते त्या गाठीपुरते असतात; त्यांवरून माणूस ओळखता येत नाही, ते मुलाबाळांतही उतरत नाहीत. म्हणून ते खुल्या कपाटात ठेवले, वाटेल त्याने पाहावे. रक्तात जे सापडते ते मात्र जन्मजात, घराण्याचे. ते बंद कपाटात गेले. त्या कपाटाची किल्ली हवी असेल तर संशोधकाने अर्ज करावयाचा, काय शोधणार ते लिहावयाचे, आणि अर्जावर त्याच्या एकट्याची सही चालत नाही. त्याच्या संस्थेचीही लागते, म्हणजे उद्या वचन मोडले तर जाब विचारायला दोन मानगुटी असतात. 'मी कोणालाही ओळखण्याचा प्रयत्न करणार नाही' असे लिहून द्यावयाचे. हा अर्ज तपासणारी कचेरी निबंध लिहिणाऱ्या शास्त्रज्ञांपासून वेगळी ठेवली होती, हा त्यातला सर्वांत शहाणपणाचा भाग. ज्याने माल जमवला त्यानेच दाराशी बसून कोणाला आत सोडावयाचे हे ठरवू नये. नाहीतर मित्राला दार उघडे आणि प्रतिस्पर्ध्याला बंद, असा प्रकार व्हावयाला वेळ लागत नाही. माणसे शास्त्रज्ञ असली तरी माणसेच.

तरीही यात एक उणीव राहते. परवानगी मिळाल्यावर संशोधक आपली प्रत घरी घेऊन जातो. त्याच्या यंत्रातून ती कोणाच्या हाती गेली, काम संपल्यावर पुसली की नाही, हे कोण पाहणार? यावर अलीकडे जो उपाय निघाला तो आपल्या ठाणे-कल्याणच्या वाचकांना नवा वाटू नये. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. जुन्या ग्रंथालयांत दुर्मीळ पोथी घरी देत नाहीत, हे आपण जाणतो. तेथेच बसा, तेथेच वाचा, टिपणे काढा, आणि जाताना पोथी टेबलावर ठेवून जा. इंग्लंडने एक लाख जनुकसंच वाचण्याचे काम डिसेंबर २०१८ मध्ये पुरे केले, आणि जीनोमिक्स इंग्लंड या संस्थेने त्या माहितीसाठी अगदी असेच केले. माहिती संस्थेच्या यंत्रांतच राहते. संशोधक दुरून त्या यंत्रात शिरतो, पण तो एका बंद खोलीत शिरल्यासारखा. आत गणिते करा, तुलना करा, पण रुग्णाची ओळ बाहेर नेता येत नाही. बाहेर जावयाचा तो फक्त निष्कर्ष, आणि तोही दुहेरी दारातून. पहिल्या दारातून कागद ठेवावयाचा, आतला पहारेकरी तो पाहणार, आणि मगच दुसरे दार उघडणार.

पहारेकरी काय पाहतो? हे मला गणिताचा मास्तर म्हणून फार आवडते. तो लहान आकडे पाहतो. 'अमुक रोगाचे ४०० रुग्ण' हे जाऊ द्यावयाचे. 'अमुक रोगाचे, अमुक जिल्ह्यातले, तिशीच्या आतले २ रुग्ण' हे अडवावयाचे. कारण दोन हा आकडा नव्हे, ती दोन माणसे आहेत. आपल्याकडचे उदाहरण घ्या. मुंबईत १९५२ साली डॉ. य. मो. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक नवाच रक्तगट शोधून काढला. जगभर तो 'बॉम्बे रक्तगट' म्हणून ओळखला जातो. मुंबईकडे सुमारे दहा हजारांत एक, युरोपात दहा लाखांत एक. आता एखाद्या तक्त्यात 'बॉम्बे रक्तगट, स्त्री, वय ३४, डोंबिवली पूर्व' असे छापले, तर बाईंचे नाव छापायचे राहिले कुठे?

या खोलीत शिरणाऱ्याने काय करू नये, त्याची यादी मोठी आहे. ती वाचून मी तुम्हांला झोप आणणार नाही. पण दोन-तीन कलमे बोलकी आहेत. ओळखण्याचा प्रयत्न करू नये, हे तर झालेच. चुकून ओळख पटलीच, समजा आपल्याच मेव्हण्याची, तर ते लपवून न ठेवता संस्थेला कळवावे. आपला परवलीचा शब्द दुसऱ्याला, मग तो हाताखालचा विद्यार्थी का असेना, देऊ नये. ही माहिती विमा कंपनीच्या हप्त्यासाठी किंवा जाहिरातीसाठी वापरू नये. आणि ज्या समितीपुढे संशोधकांचे अर्ज येतात तिच्यात ज्यांची ती माहिती आहे त्या रुग्णांपैकीही काहीजण बसतात. आमच्याकडे माझ्यासारखा सामान्य माणूस बसतो. त्यांच्याकडे प्रत्यक्ष रुग्ण बसतो. ही गोष्ट आपण त्यांच्याकडून घेण्यासारखी आहे.

आपल्या देशात काय आहे? पुष्कळ आहे, आणि बरेचसे अलीकडचे आहे. जैवतंत्रज्ञान विभागाने २०२१ साली जैविक माहितीच्या देवघेवीची मार्गदर्शक तत्त्वे काढली. फरिदाबादला भारतीय जैविक माहिती केंद्र नोव्हेंबर २०२२ मध्ये सुरू झाले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील मेंदू संशोधन केंद्राच्या पुढाकाराने वीस संस्थांनी देशभरच्या दहा हजारांवर माणसांचे जनुकसंच वाचले आणि ९ जानेवारी २०२५ रोजी ती माहिती संशोधकांना उपलब्ध झाली. उपलब्ध म्हणजे खुली नव्हे. प्रस्ताव द्यावयाचा, तो तपासला जावयाचा, मग दार उघडावयाचे. पुण्याच्या इंडियन कॅन्सर जीनोम ॲटलास या संस्थेने २०२४ साली स्तनाच्या कर्करोगाच्या ५० रुग्णांपासून आरंभ करून आपले दालन उघडले. परदेशाशी मिळून काम असेल तर आरोग्य मंत्रालयाची छाननी समिती वेगळीच.

कायद्याचे म्हणाल तर सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी ऑगस्ट २०१७ मध्ये खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला, आणि त्यातून पुढे २०२३ चा व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा आला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि टप्प्याटप्प्याने लागू करण्याचे ठरले. पण त्या कायद्यात संशोधनाला एक मोठी वाट ठेवलेली आहे. ठरवून दिलेली शिस्त पाळली, आणि त्या माहितीवरून कोणा एका विशिष्ट माणसाविषयी निर्णय घ्यावयाचा नसेल, तर कायद्याची बाकीची कलमे संशोधनाला लागत नाहीत. ही वाट ठेवणे मला चुकीचे वाटत नाही. मात्र याचा अर्थ असा की रुग्णाचे संरक्षण कायद्याच्या पुस्तकापेक्षा त्या शिस्तीवर, त्या खोलीच्या दारावर आणि त्या समितीच्या खुर्चीवर अधिक अवलंबून आहे. अमेरिकेत जनुकांवरून नोकरीत आणि आरोग्यविम्यात भेदभाव करू नये असा स्वतंत्र कायदा २००८ सालापासून आहे. आपल्याकडे तसा स्वतंत्र कायदा नाही.

आता मी त्या खुर्चीवर का गेलो ते सांगतो.

माझी थोरली बहीण, तिला आम्ही अक्का म्हणत असू, स्तनाच्या कर्करोगाने आजारी होती. रुग्णालयाचे नाव सांगण्याचे कारण नाही. तेथे तिची शुश्रूषा चांगली झाली. भरतीच्या दिवशी कागदांचा एक गठ्ठा पुढे आला. त्यात एक इंग्रजी कागद होता. अक्काने विचारले, "हे कशाचं रे?" मी घाईत होतो, खाली औषधे आणावयाची होती. मी म्हटले, "असेल काहीतरी दवाखान्याचं. कर सही." तिने केली; साक्षीदार म्हणून मीही केली. शस्त्रक्रियेनंतर उरलेला गाठीचा तुकडा आणि थोडे रक्त संशोधनासाठी ठेवून घेण्याची ती संमती होती. गणिताच्या पेपरात मुलांनी प्रश्न न वाचता उत्तर लिहिले तर मी त्यांना उभे करीत असे.

अक्का गेली. त्यानंतर तीनेक वर्षांनी माझी भाची एका संध्याकाळी घरी आली. तिने कोठेतरी वाचले होते की स्तनाच्या कर्करोगाच्या शंभरात पाच ते दहा रोग्यांत तो घराण्यातून आलेला असतो, आणि आईत ते बिघडलेले जनुक असले तर मुलीत असण्याचा संभव निम्मा असतो. ती म्हणाली, "मामा, आईचं रक्त त्यांनी संशोधनाला ठेवून घेतलंय ना? त्यांना काही सापडलं असेल तर ते मला सांगतील का?"

मी जाऊन विचारून आलो. तेथील बाई फार सौजन्याने बोलल्या. तो नमुना अभ्यासात घेतला गेला होता, पण देताना त्याला फक्त क्रमांक लावला होता आणि कोणता क्रमांक कोणाचा याची यादी पुढे नष्ट केली होती. रुग्णांची ओळख कधीही फुटू नये म्हणून. तसे करावयाचे असे मंजूर आराखड्यातच लिहिलेले होते. कोणी नियम मोडला नव्हता. उलट नियम काटेकोर पाळला होता. कोठल्या तरी तक्त्यात अक्का एक ओळ होऊन बसली आहे, आणि ती ओळ कोणती हे आता जगात कोणालाच सांगता येणार नाही.

भाचीने स्वतःची तपासणी करून घ्यावी, हा पुढचा मार्ग होताच. पण तेथे एक अडचण असते, ती मला तेव्हा समुपदेशक बाईंनी समजावून सांगितली. आईत कोणते अक्षर बिघडले आहे हे ठाऊक असले, आणि मुलीत ते सापडले नाही, तर मुलगी त्या चिंतेतून खरोखरच मोकळी होते. आईचे ठाऊकच नसले आणि मुलीत काही सापडले नाही, तर याचा अर्थ काय? कदाचित आईत होते आणि मुलीत उतरले नाही. कदाचित आईत होते ते या तपासणीला दिसणारेच नव्हते. उत्तर येते, पण अर्धे येते. भाचीने तपासणी केली. तिचा निकाल काय आला ते मी येथे सांगणार नाही. तो तिचा आहे.

तेव्हापासून मला एक गोष्ट टोचत राहिली. आपण 'गुप्तता' हा एकच शब्द वापरतो, पण तिचे दोन प्रकार आहेत. एकात क्रमांक आणि नाव यांची सांगड घालणारी यादी कायमची जाळून टाकतात. दुसऱ्यात ती जपून ठेवतात, पण संशोधकाकडे नव्हे. ती एका तिऱ्हाइताकडे, कुलपात, आणि कुलूप कोणत्या कारणासाठी उघडावयाचे ते आधी लिहून ठेवतात. पहिल्या प्रकारात चोराची भीती संपते, पण ज्याला कळायला हवे होते त्याचीही वाट बंद होते. रुग्णाला उद्या वाटले की माझी माहिती काढून घ्या, तर काढणार कुठून? दुसऱ्या प्रकारात धोका थोडा शिल्लक राहतो, आणि तो धोका सांभाळण्यासाठीच त्या खोल्या, ती दारे आणि त्या सह्या. समितीत मी दुसऱ्या प्रकाराच्या बाजूने बोलतो. सर्वांना ते पटते असे नाही. आमचे एक ज्येष्ठ डॉक्टर म्हणतात, "मास्तर, जी यादी आहे ती कधीतरी फुटते." त्यांचेही चूक नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेतील ट्वेंटी-थ्री-अँड-मी या कंपनीच्या सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती फुटली आणि मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळेही काढले, तेव्हा त्यांनी मला ते कात्रण टपालाने पाठवले होते. लोकांनी हौसेने थुंकी पाठवून आपला वंश विचारला होता, आणि शेवटी त्यांची जनुके दिवाळखोरीच्या न्यायालयात मालमत्ता म्हणून उभी राहिली.

आणखी एक बाजू आहे, ती एकट्या माणसाची नसून समाजाची. अमेरिकेत ग्रँड कॅन्यनच्या दरीत हवासुपाई नावाची एक छोटी आदिवासी जमात राहते. तिच्यात मधुमेह फार. १९९० पासून ॲरिझोना राज्य विद्यापीठाच्या लोकांनी त्यासाठी त्यांचे रक्त घेतले. पुढे त्याच रक्तावर मानसिक रोगांचा, आपसांतल्या लग्नांचा, आणि ही जमात मुळात कोठून आली याचा अभ्यास झाला. आपण याच दरीत उत्पन्न झालो, अशी त्या लोकांची श्रद्धा. आणि त्यांच्याच रक्तावरून कोणी लिहिले की तुम्ही आशियातून आलात. मधुमेहासाठी दिलेले रक्त त्यांनी या कामासाठी दिले नव्हते. खटला झाला. २०१० साली विद्यापीठाने सात लाख डॉलर दिले आणि रक्ताचे नमुने परत केले. यात कोणा एकाचेही नाव फुटले नव्हते, हे ध्यानात घ्या. नावे सगळी सुरक्षित होती. अपमान सगळ्यांचा झाला.

आपल्या जिल्ह्यात शहापूर, मुरबाडकडे वारली, कातकरी, ठाकूर यांची वस्ती आहे. सिकलसेलच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ पासून सुरू झाली. आदिवासी भागांतील सात कोटी लोकांची तपासणी करावयाची आणि प्रत्येकाला कार्ड द्यावयाचे, अशी ती योजना. काम मोलाचे आहे. दोन वाहकांनी लग्न केले तर दर वेळी मूल रोगी होण्याचा संभव चारात एक, तेव्हा आधी कळलेले बरे. पण ते कार्ड मुलीच्या हाती असते आणि पाहुणे ओटीवर बसलेले असतात, तेव्हा 'वाहक' या शब्दाचा अर्थ 'रोगी नव्हे' असा आहे हे त्यांना कोण सांगणार? कल्याणला लागून उल्हासनगर. फाळणीनंतर आलेल्या सिंधी बांधवांनी ते वसवले. थॅलेसेमियाच्या वाहकांचे प्रमाण देशात शंभरात तीन-चार. सिंधी समाजात ते बरेच अधिक. तेथे वर्षानुवर्षे रक्तदानाची आणि तपासणीची शिबिरे भरतात, कारण त्या समाजाने हा प्रश्न आपला म्हणून हाती घेतला. संशोधकाने त्यांच्याकडे जावयाचे तर समाजाशी आधी बोलूनच जावे, आणि काय सापडले ते निबंध छापण्यापूर्वी त्यांना येऊन सांगावे. दक्षिणेकडील वैश्य समाजात काहींना भूल देताना वापरले जाणारे एक औषध शरीरातून लवकर उतरत नाही, श्वास अडून राहतो; हे जनुकांमुळे होते. ही माहिती त्या समाजाला कळली तर भूल देणाऱ्या डॉक्टरला ते आधी सांगू शकतात. तीच माहिती 'या जातीत दोष आहे' अशा मथळ्याखाली आली तर काय होईल ते सांगायला नको.

आता तुमच्यापुढे असा कागद येईल तेव्हा काय विचारावे, हे फाटकावरच्या गृहस्थांसाठी सांगतो. नमुना याच एका अभ्यासासाठी आहे, की पुढच्या कोणत्याही? माहिती बाहेर जाणार, की संशोधक आत येणार? क्रमांक-नावाची यादी राहणार की जाळणार, आणि राहणार तर कोणापाशी? मन बदलले तर कोणाकडे जावयाचे? उत्तर मराठीत मागा. मिळते, मागितले नाही म्हणून आजवर मिळाले नव्हते.

आमच्या समितीत मी पहिल्या वर्षी एकच गोष्ट लावून धरली. संमतिपत्रात पूर्वी एक चौकोन असे : उपाय करता येण्यासारखे काही आढळले तर मला कळवावे की कळवू नये. मी म्हटले, याच्याखाली आणखी एक ओळ पाहिजे. माझ्या पश्चात कोणाला कळवावे? वकीलसाहेबांनी तेव्हा सांगितले की २०२३ च्या कायद्यात, आपल्या मृत्यूनंतर आपले हक्क कोणी बजावावे हे नेमून ठेवण्याची तरतूद आहे. संशोधनाला ती लागू होवो न होवो, आपण लिहायला हरकत नाही. चार बैठका वाद झाला. ज्येष्ठ डॉक्टरांनी विरोधात मत दिले आणि मग स्वतःच त्या ओळीचे मराठी नीट करून दिले, कारण माझे त्यांना फार बोजड वाटले. ती ओळ आता छापलेली आहे. त्या ओळीमुळे फॉर्म दोन पानांवरून तिसऱ्या पानावर जातो, अशी परवाच एका तरुण संशोधकाने तक्रार केली.